जुने गाणे, नवे कान



शेगावहून नागपूरकडे आगगाडीने निघाले, की अकोल्याच्या पुढे मूर्तिजापूर लागते. याच मूर्तिजापुरात १९२० साली वसंतराव देशपांडे यांचा जन्म झाला. आजचा विषय नाट्यसंगीताच्या पुनरुज्जीवनाचा आहे. आणि त्या कथेतील एक मोठा अध्याय आपल्या वऱ्हाडाच्या मातीतून सुरू होतो, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. श्रीगजानन महाराज शेगावात प्रकट झाले त्याला तेव्हा अडीच वर्षे झाली होती. आपण आज या संगीताला ‘जुने’ म्हणतो. परंतु त्या रात्री ते अगदी नवे होते. आणि नवे असूनही प्रेक्षकांना ते परके वाटले नाही. का? साकी, दिंडी, कीर्तनातील चाली, लावणीची वळणे ही सारी सामग्री लोकांच्या कानांवर पूर्वीच पडलेली होती. अण्णासाहेबांनी ती नाटकाच्या सूत्रात ओवली. पुढे १९११ साली ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ साली ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, आणि रागदारी सामान्य माणसाच्या ओठांवर आली. ज्याला रागाचे नाव ठाऊक नव्हते, तोही बालगंधर्वांचे पद गुणगुणत घरी जाऊ लागला.

मग बोलपट आला. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीतून बोलला, आणि पाहता पाहता नाटक मंडळ्यांचे कंबरडे मोडले. शे-दीडशे माणसांचे बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणारी मंडळी दोन-चार आण्यांच्या तिकिटाशी कशी टिकणार? खुद्द बालगंधर्वही १९३५ साली ‘धर्मात्मा’ चित्रपटात उभे राहिले. रात्र-रात्र चालणारी पाच अंकी नाटके मागे पडली. गाणे मेले नाही. पण त्याचे घर मोडले.

ते घर पुन्हा उभारण्याचे श्रेय अनेकांचे आहे. त्यांतील दोन नावे आपल्या विदर्भाची. अमरावतीचे विद्याधर गोखले यांनी १९६० साली ‘पंडितराज जगन्नाथ’ लिहिले; ललितकलादर्शने ते रंगभूमीवर आणले. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ च्या डिसेंबरात आले. पं. जितेंद्र अभिषेकींचे संगीत, प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. हे वसंतराव नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले होते आणि लष्करी हिशेब खात्यात त्यांनी कित्येक वर्षे नोकरी केली होती. दीनानाथांचे गाणे त्यांना प्राणप्रिय होते. परंतु त्यांनी दीनानाथांची नक्कल केली नाही. म्हणूनच त्यांच्या गळ्यातून दीनानाथांची आठवण येई आणि गाणे मात्र वसंतरावांचेच असे.

‘कट्यार’ची कथाच मुळी आपल्या प्रश्नाची कथा आहे. एका घराण्याची विद्या दुसऱ्या घराण्याचा तरुण चोरून, ऐकून ऐकून शिकू पाहतो. विद्येचा मालक कोण? रक्ताचा वारस की तळमळीचा? या नाटकातील एकच पद दोन निरनिराळ्या चालींत गाइले जाते. शब्द तेच, पण मिजास वेगळी. परंपरेचा याहून सोपा धडा कोणता असेल?

वसंतराव १९८३ साली गेले, तेव्हा त्यांचे नातू राहुल देशपांडे अवघे चार वर्षांचे नव्हते. २०१० साली त्यांनी ‘कट्यार’ पुन्हा रंगभूमीवर आणले आणि आजोबांची भूमिका स्वतः केली. अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे सदाशिवाच्या भूमिकेत होते. २०१५ साली सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट काढला. ज्या बोलपटाने संगीत नाटकाचे घर मोडले, त्याच बोलपटाने त्याचे गाणे नव्या पिढीच्या कानी पोहोचवले. काळाचा हा न्याय विलक्षण नव्हे काय? महेश काळे यांना त्यातील गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘मी वसंतराव’साठी राहुल यांनाही मिळाला.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत केंटकीच्या बिल मन्रो यांनी बँजो, फिडल आणि मँडोलिन यांच्या मेळातून ‘ब्लूग्रास’ नावाचे गाणे घडवले. आजही तेथील तरुण मंडळी एकाच ध्वनिक्षेपकाभोवती दाटीने उभी राहून ते जुन्या रीतीने गातात. त्यांच्यापुढेही हाच पेच आहे: हुबेहूब गावे, तर तसबिरीला हार घातल्यासारखे होते, फार बदलावे, तर मूळच हरवते.

या पेचाचे उत्तर मला आपल्या गावातच दिसते. दर वर्षी शेगावची पालखी टाळमृदंगाच्या गजरात पंढरीची वाट चालते. त्या अभंगांचे कोणी पुनरुज्जीवन केले असे आपण म्हणतो काय? नाही, कारण तेथे गाणारा आणि ऐकणारा वेगळा नसतो. मागचा पुढच्याचे ऐकून उचलतो, चुकतो, सुधारतो आणि पुढे चालतो. नाट्यसंगीताचे तसे नव्हते. तेथे आपण तिकीट काढून बसलो, ‘वन्स मोअर’ दिला आणि घरी येऊन झोपलो. नाटक मंडळ्या बुडाल्या तेव्हा आपण बोलपटाला दोष दिला. पण घरातली पेटी माळ्यावर कोणी टाकली होती?

गायक पूल बांधू शकतो. त्यावरून चालणे मात्र आपले काम आहे. माळ्यावरची ती पेटी खाली काढावी, धूळ झटकावी आणि एखाद्या मुलाच्या हाती द्यावी. पहिले चार महिने कानांना त्रास होईल. तेवढा त्रास सोसण्याची तयारी असेल, तरच जुन्या गाण्याबद्दल हळहळण्याचा अधिकार आपल्याला आहे.