मिडास राजाची बिअर आणि आपला मोह

परवा भाच्यानं अमेरिकेहून एक बाटली आणली. नाव ‘मिडास टच’. म्हणे २७०० वर्षांपूर्वीची बिअर! चाखली. बिअर कमी, मधाची वाइनच जास्त वाटली. गोडसर, मागून द्राक्षं नि थोडं केशर.

गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. १९५७ साली तुर्कस्तानात गॉर्डियनला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी एक राजथडगं उघडलं. आत राजाचा सांगाडा आणि दीडशेवर काशाची भांडी. भांड्यांच्या तळाचा गाळ चाळीसेक वर्षांनी पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी तपासला. मध, द्राक्षं, बार्ली, तिन्हींच्या खुणा सापडल्या. कृती मात्र कुठंच लिहिलेली नव्हती. केशर हा निव्वळ अंदाज. त्यावरून डॉगफिश हेड कंपनीनं बिअर केली. थडगं मिडासचं की त्याच्या बापाचं, यावरही वाद आहे.

मला आपला मोह आठवला. तिथं गाळ खरवडून कृती जुळवावी लागली, इथं ती पाड्यापाड्यांवर लोकांना तोंडपाठ. इंग्रजांनी १८७८ ला अबकारी कायदा आणला. १८९२ ला ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरच बंधनं घातली. कारण महसूल. घरची दारू करणारा गुन्हेगार ठरला.

दारूचं कौतुक नाही करत. दारूनं बसलेली घरं बातमीदारीत भरपूर पाहिलीत. पण परक्या राजाची अंदाजानं केलेली दारू ‘वारसा’, आणि आपल्या माणसांची ‘हातभट्टी’. हे तुम्हाला पटतं का? सांगा.