दऱ्या आणि दर्या : चित्रमय पुस्तकाच्या मराठी पानाची हकीकत

कोणतेही पुस्तक वाचकाच्या हाती पडण्यापूर्वी त्याचे प्रत्येक पान कोणीतरी डोळ्यांखालून घातलेले असते. शुद्धलेखनाच्या चुका पाहणारा मुद्रितशोधक सर्वांना ठाऊक असतो. परंतु चित्र कोठे बसले, मजकूर कोठे आला, समास किती सुटला आणि ओळ कोणत्या शब्दावर तुटली हे पाहणाऱ्या माणसाचे नाव पुस्तकात सहसा आढळत नाही. चित्रमय बालपुस्तकात तर हे दुसरे काम पहिल्याहून अवघड असते. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा एकाच लिपीत नांदत असलेल्या दिल्लीत ते अधिकच अवघड झाले. करोल बागेतील मराठी घरांत गेल्या साठ वर्षांत जी रंगीत मराठी पुस्तके आली, त्यांतील बरीच उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून ट्रंकेतून आलेली असत. काही मात्र याच शहरात तयार झालेली होती. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या वाचनालयातील जुनी कपाटे उघडली जात असताना या दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांकडे थोडे निरखून पाहणे उचित ठरेल.

मराठी छापील पानावर अक्षर आणि चित्र प्रथम सुखाने एकत्र राहिले ते शिळाप्रेसवर. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत पहिले छापील मराठी पंचांग काढले ते शिळेवरच. या पद्धतीत लेखनिकाने लिहिलेला मजकूर आणि चित्रकाराने काढलेली आकृती ही दोन्ही एकाच शिळेवर उतरत. जागा कमी पडली तर लेखनिक अक्षर बारीक करी आणि चित्राची कड आडवी आली तर ओळ वळवून घेई. अनेक घरांच्या देव्हाऱ्यात अजूनही शिळाप्रेसवरील एखादी जीर्ण पोथी सापडते. तिच्यातील चित्र ओबडधोबड असले, तरी अक्षरांशी त्याचे भांडण नसते.

हे भांडण सुरू झाले खिळ्यांच्या छपाईबरोबर. शिशाचा खिळा चौकोनी, त्याची शिस्त सरळ रेषेची. चित्राचा ठसा वेगळा तयार होई आणि लाकडी ठोकळ्यावर चढवून खिळ्यांच्या उंचीला आणला जाई. अक्षरे जुळाऱ्याकडे आणि चित्र ठसे करणाऱ्याकडे, अशी वाटणी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्याला जे सौंदर्य दिले ते आजही वाखाणले जाते. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात निघालेल्या चित्रशाळेने रंगीत चित्रे घरोघरी नेली. पहिल्याची कीर्ती अक्षरासाठी, दुसरीची चित्रासाठी. चित्रशाळेच्याच ‘चित्रमय जगत’ या मासिकाने १९१० पासून दोन्हींचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. पुढे दीनानाथ दलालांसारख्या चित्रकारांनी मराठी मुखपृष्ठ आणि दिवाळी अंक यांचे रूपच पालटले. लहान मुलांचे पुस्तक मात्र बराच काळ काळ्या शाईतील ठशांवरच समाधान मानीत राहिले. चार रंगांची छपाई महाग होती आणि एका भाषेच्या विक्रीतून तो खर्च निघणे कठीण होते.

या अडचणीवरचा एक उपाय दिल्लीत शोधला गेला. १९५७ हे वर्ष त्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी भारत सरकारने नॅशनल बुक ट्रस्टची स्थापना केली आणि त्याच वर्षी व्यंगचित्रकार के. शंकर पिळ्ळै यांनी चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट उभा केला. बहादूरशाह जफर मार्गावरील त्याचे नेहरू हाऊस बाहुल्यांच्या संग्रहालयामुळे दिल्लीतील अनेक पिढ्यांच्या मुलांना परिचित आहे. नॅशनल बुक ट्रस्टच्या इतिहासात एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार करणारे मंत्री म्हणून बाळकृष्ण विश्वनाथ केसकर लोकांच्या स्मरणात राहिले, आणि त्या निर्णयाबद्दल त्यांची थट्टाही पुष्कळ झाली. मंत्रिपद गेल्यानंतर ते या ट्रस्टचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत ‘नेहरू बाल पुस्तकालय’ ही माला आकारास आली, याची आठवण मात्र क्वचितच निघते. देशातील सर्व मुलांनी आपापल्या भाषेत तेच पुस्तक, त्याच चित्रांसह आणि परवडेल अशा किमतीत वाचावे, ही त्या मालेमागची कल्पना होती.

कल्पना उदात्त खरी, पण तिचा भार शेवटी पानावर पडला. अनेक भाषांसाठी एकच चित्र वापरावयाचे असेल, तर छपाईचे गणित असे मांडावे लागते : ऑफसेट छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांसाठी चार स्वतंत्र प्लेटा लागतात. पहिल्या तीन प्लेटा सर्व भाषांना सामाईक ठेवून मजकूर केवळ काळ्या रंगात घेतला, तर भाषा बदलताना तेवढी एकच प्लेट बदलावी लागते. त्यामुळे अशा मालेच्या पानावर काही बंधने आपोआप येतात. रात्रीच्या निळ्या आकाशात पांढरे अक्षर घेता येत नाही, कारण ते घ्यावयाचे तर प्रत्येक भाषेसाठी चारही प्लेटा नव्याने कराव्या लागतील. लाल अक्षर नाही, चित्राच्या अंगात शिरलेले अक्षर नाही. चित्रकाराने मजकुरासाठी फिकी, मोकळी जागा आधीच सोडून ठेवावयाची आणि प्रत्येक भाषेने तेवढ्यातच मावावयाचे.

ही जागा कोणत्या भाषेच्या मापाने सोडली जाई? बहुधा ज्या भाषेत पुस्तक मुळात लिहिले गेले तिच्या, म्हणजे पुष्कळदा इंग्रजीच्या किंवा हिंदीच्या. इंग्रजी ओळीला वर मात्रा नाही, खाली उकार नाही. दोन ओळी जवळजवळ आल्या तरी एकीची वेलांटी दुसरीच्या उकाराला धडकत नाही. देवनागरीला दोन ओळींमध्ये श्वास घेण्याइतकी जागा लागते. हिंदीच्या मापाने सोडलेली जागाही मराठीला जशीच्या तशी पुरेल असे नसते. हिंदीत ‘पेड़ के नीचे से’ हे चार सुटे शब्द आहेत. ओळ कोठेही मोडली तरी बिघडत नाही. मराठीत तोच अर्थ ‘झाडाखालून’ या एका शब्दात येतो. एकूण अक्षरे कमी, पण शब्द लांब. त्याला ‘सुद्धा’ जोडले की तो आणखी लांबतो. अरुंद रकान्यात असा शब्द बसेना, की ओळीच्या शेवटी ओकेबोके रिकामेपण राहते किंवा शब्द मध्येच तोडावा लागतो. प्रौढ वाचक तुटलेला शब्द सहज सांधतो. नुकतेच वाचू लागलेले मूल ‘झाडा’पाशी थांबते आणि पुढच्या ओळीतील ‘खालून’ हा निराळा शब्द समजते. पान तपासणाऱ्याला म्हणून भाषांतरकाराकडे परत जावे लागे. एखादा शब्द बदलून मिळाला, एखादे विशेषण गाळले गेले, तरच पान लागे. चांगल्या भाषांतरावर कात्री चालविणारा तो माणूस खलनायक वाटला, तरी मुलाची बाजू तोच घेत होता.

त्या काळी या तपासणीचे साधन म्हणजे डिंकाने चिकटवलेल्या पट्ट्या. जुळवलेल्या मजकुराची स्वच्छ छाप घेऊन ती कात्रीने कापायची, चित्राच्या आराखड्यावर मोजून डकवायची, वर बटर पेपर घालून पेन्सिलीने खुणा करायच्या. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात शिवण नेमकी कोणाच्या चेहऱ्यावर येते, हे पाहावयाचे. पान उलटण्यापूर्वीच पुढची गंमत चित्रात दिसून जात नाही ना, हेही पाहावयाचे. पाने सोळाच्या फर्म्यात बसवायची असल्याने एक पान वाढविणे म्हणजे चैनच. बत्तीस पानांच्या पुस्तकात तेहतिसावे पान नसते.

चित्राचा आणि शब्दाचा मेळ हाही या तपासणीचाच भाग. सर्व भारतासाठी काढलेल्या चित्रातील घर कोणत्याच एका प्रांताचे नसे. मराठी मजकुरात ‘ओसरी’ यावी आणि चित्रात उत्तरेकडील आँगन दिसावे. मजकुरात ‘भाकरी’ आणि ताटात टम्म फुगलेला फुलका, असे प्रसंग सहज घडू शकत. साताऱ्याकडच्या एखाद्या खेड्यातील मुलाला अशा पानावरचा शब्द ओळखीचा वाटावा आणि चित्र परके. करोल बागेतील मुलाची गत उलटी. फुलका त्याच्या ताटातला होता, आँगन शेजारच्या घरातले होते. ‘ओसरी’ हा शब्द मात्र आजीला विचारावा लागे. आजीने तो समजावून सांगितला म्हणजे चित्रात नसलेले एक घर त्याच्या मनात उभे राही. पान तयार करणाऱ्याच्या दृष्टीने हा दोषच होता. या शहरातील काही मुलांना मात्र त्याचा लाभ झाला असावा, असे म्हणण्यास जागा आहे.

अक्षरांच्या बाबतीत असा लाभ नव्हता. हिंदी आणि मराठी यांची लिपी एकच, या समजुतीमुळे दिल्लीत छापल्या जाणाऱ्या मराठी पानात काही चुका अशा शिरत, की त्या चुका आहेत हेच कोणाला जाणवू नये. हिंदीला ‘ळ’ सहसा लागत नाही. तो शोधून आणावा लागे. त्याहून अवघड प्रकरण ‘ऱ्य’चे. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्याला’ बोलावणे म्हणजे स्वयंपाक्याला आणि ‘आचार्याला’ बोलावणे म्हणजे गुरुजींना. हिंदी खिळ्यांच्या पेटीत हा आडवा अर्धा र नसेल, तर जुळारी रफार देऊन मोकळा होई. डोंगराचे सुंदर हिरवे चित्र आणि त्याखाली समुद्राचे नाव! महाराष्ट्रातले मूल अशी चूक ऐकीव मराठीच्या बळावर ओळखील. जे मूल घराबाहेर पाऊल टाकताच हिंदी ऐकते, ते छापलेले खरे मानते. येथे मुद्रितशोधक आणि पान तपासणारा या दोघांच्या कामांतील सीमा पुसली जाते.

‘ल’ आणि ‘श’ यांची कथा निराळी. या दोन अक्षरांचे मराठी वळण आणि हिंदी वळण वेगळे आहे. शाळेत पाटीवर गिरवलेले एक आणि पुस्तकात छापलेले दुसरे, अशी अवस्था दिल्लीतील मराठी मुलांनी वर्षानुवर्षे अनुभवली. गंमत अशी, की प्रमाण देवनागरी ठरविताना हिंदीने ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ ही अक्षरे मुंबई वळणाची स्वीकारली. मराठीचे तीन दागिने दिल्लीने मानाने घेतले आणि दोन नाकारले, असे म्हणावे लागेल. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढलेल्या निर्णयात ‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणाचा आग्रह धरला आहे. तो आग्रह पन्नास वर्षे आधी धरला जावयास हवा होता.

दिल्लीचा आणखी एक धागा चित्रकथांशी जुळतो. फेब्रुवारी १९६७ मध्ये अनंत पै दिल्लीत असताना त्यांनी दूरदर्शनवर एक प्रश्नमंजूषा पाहिली. ग्रीक देवतेविषयीचे उत्तर देणाऱ्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. त्यातून ‘अमर चित्रकथा’ या मालेची प्रेरणा मिळाली, असे ते सांगत. मालेतील ‘कृष्ण’ची चित्रे राम वाईरकरांची, आणि पुढे प्रताप मुळीक यांनीही तिच्यासाठी पुष्कळ काम केले. चित्रकार मराठी, पण संहिता इंग्रजीत, आणि पात्रांच्या तोंडचे फुगेही इंग्रजी अक्षरांच्या मापाने काढलेले. मराठी आवृत्तीत त्याच फुग्यात मराठी संवाद कोंबताना अक्षर बारीक झाले, की शेवटच्या ओळीचे उकार फुग्याच्या कडेला टेकत. मराठी हाताने काढलेले चित्र मराठी मुलापर्यंत इंग्रजी चौकटीतून आले, हा त्या काळाच्या प्रकाशनव्यवहाराचा स्वभावच होता.

याउलट उदाहरण ‘बालभारती’च्या ‘किशोर’ मासिकाचे. १९७१ च्या नोव्हेंबरात, वसंत शिरवाडकर यांच्या संपादनाखाली निघालेल्या या मासिकाचे पान प्रथमपासून मराठी मजकुरासाठीच आखलेले होते. ओळींमधील अंतर देवनागरीचे, शब्द मराठी, आणि चित्रातील ओसरीही खरीखुरी ओसरी. दिल्लीतील घरांत तो अंक टपालाने किंवा पाहुण्यांच्या हातून येई, पुष्कळदा उशिरा, आणि म्हणूनच कदाचित अधिक जपून ठेवला जाई.

आता कात्री आणि डिंक गेले. करोल बागेपासून फारशा दूर नसलेल्या नारायणा औद्योगिक वसाहतीतील छापखान्यांत पान संगणकाच्या पडद्यावरच लागते आणि क्षणात पुण्याला पाठविता येते. मात्र युनिकोडमध्ये मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांना एकच क्रमांक आहे. वळण कोणते दिसेल हे फाँट ठरवितो, आणि भाषा मराठी आहे असे संगणकाला मुद्दाम सांगितले नाही, तर बहुतेक फाँट हिंदी वळणच पुढे करतात. ‘ऱ्य’ उमटविण्याची सोय आहे, पण ती कळफलकावर कोठे आहे हे टंकलेखकाला ठाऊक असावे लागते. याच स्मरणिकेची पाने छापखान्यात जातील, तेव्हा दऱ्या, आचारी आणि शाळा हे तीन शब्द कोणीतरी बोट ठेवून पाहावे लागतील.