रामटेकच्या यात्रामार्गांचा एक बोध

रामटेकची नगरपालिका इ. स. १८६७ मध्ये स्थापन झाली. गर्दी विभागणारी तेथील रचना मात्र तिच्याहून जुनी आहे. गडावरील राममंदिराकडे पायऱ्यांचे दोन मार्ग जातात : एक अंबाळा तलावाच्या काठावरून, दुसरा गावाच्या बाजूने. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत तलावावर स्नान केलेला भाविक तेथूनच गड चढू शकतो. त्याला पुन्हा गावात शिरावे लागत नाही. या रचनेचा हेतू तीर्थयात्रेचा असला, तरी तिचा परिणाम वाहतुकीचा भार हलका करण्याचा आहे. नागपूर-जबलपूर महामार्ग मनसरवरून जातो. त्याच्या रुंदीकरणाने गावातील गल्ल्या रुंदावत नाहीत. म्हणून तुटपुंज्या उत्पन्नाच्या नगरपालिकेने घरे पाडून रस्ते वाढविण्यापूर्वी यात्राकाळात वाहने वेशीबाहेर थांबवावीत आणि पायऱ्यांची डागडुजी करावी, हाच येथील इतिहासाचा व्यवहारोपयोगी निष्कर्ष होय.