थकलेली मजुरी आणि कैदेचा कायदा

मजूर आणि मालक यांच्यातील करार मोडला तर तुरुंगात कोणी जावे, या प्रश्नाला इंग्रजी अमदानीने प्रारंभी एकतर्फी उत्तर दिले. कलकत्त्याच्या व्यापारी मंडळींच्या मागणीवरून १८५९ साली करारभंगाचा कायदा संमत झाला. उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिरास वा मजुरास त्यान्वये मॅजिस्ट्रेटपुढे उभे करता येई. रक्कम परत करण्याचा अथवा काम पुरे करण्याचा हुकूम त्याने पाळला नाही, तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी ठरलेली. मजुरी बुडविणाऱ्या मालकास मात्र या कायद्यात कैदेचे भय नव्हते. १९२५ साली तो रद्द करण्याचा कायदा झाला.

मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेल्या कामगाराची अडचण निराळी होती. पगार महिन्याचा, आणि तोही पुढील महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर हाती पडे. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज चढत जाई. पूर्वसूचना न देता काम सोडल्यास तुंबलेला पगारही बुडे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने या प्रथांची चौकशी केली. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी या आयोगाचे एक सदस्य होते. आयोगाचा अहवाल १९३१ साली प्रसिद्ध झाला.

पुढे १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम आला. हजारांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात वेतनकाल संपल्यापासून सात दिवसांत व इतरत्र दहा दिवसांत पगार देणे बंधनकारक झाले. बेकायदा कपातीबद्दल मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविण्याची सोय झाली. देवविलेली रक्कम मॅजिस्ट्रेटने केलेल्या दंडाप्रमाणे वसूल करता येऊ लागली. तरीही कायदा मोडणाऱ्या मालकास मूळ शिक्षा होती ती जास्तीत जास्त पाचशे रुपये दंडाची. मजुराची सक्तमजुरी आणि मालकाचा दंड, यांतील अंतर सहज ध्यानी यावे.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली औद्योगिक विवाद अधिनियमात ३३-क हे कलम दाखल झाले आणि कामगारांचे येणे जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याचे काम जिल्हाधिकाऱ्याकडे गेले. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत अशा वसुलीसाठी जप्ती व लिलाव यांजबरोबरच थकबाकीदाराची अटक हाही मार्ग आहे. अशा रीतीने मजुरी बुडविणाऱ्याच्या दारापर्यंत अटकेचा हुकूम पोहोचण्याची वाट, आडवळणाने का होईना, खुली झाली.

परंतु ऐपत नसणे आणि दानत नसणे या दोन गोष्टी भिन्न होत. १९८० साली जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात, बँकेच्या कर्जासंबंधी निर्णय देताना, सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद केला. केवळ पैसे नाहीत म्हणून ऋणकोस तुरुंगात टाकणे संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाशी विसंगत ठरते. जवळ असूनही न देणाऱ्याची गोष्ट वेगळी. हा निकष मजुरीलाही लावला, तर गिरणी चालू असताना, माल विकला जात असताना पगार अडवून ठेवणारा मालक निव्वळ ऋणको राहत नाही. १८५९ च्या कायद्याने हा विवेक मजुराच्या बाबतीत कधीच दाखविला नव्हता. सक्तमजुरी भोगणाऱ्या त्या अनाम कारागिरांना कायद्याने एवढे तरी देणे लागत होते.