हर्शोल्ट, जीन
हर्शोल्ट, जीन : (१२ जुलै १८८६ – २ जून १९५६). अमेरिकन मूकपट व आरंभीच्या बोलपटाच्या काळातील थोर चरित्र-अभिनेते. जन्म डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते मायदेश सोडून अमेरिकेत आले व कॅलिफोर्नियात स्थायिक झाले.

नटाचे शब्द मूकपटात ऐकू येत नसल्यामुळे परक्या मुलखाचे उच्चार ज्या काळी आड येत नव्हते, त्या काळात केवळ मुद्रा, चाल व हावभाव यांच्या बळावर त्यांनी आपला लौकिक मिळविला. एरिक फॉन स्ट्रोहाइम यांच्या ग्रीड (१९२४) या चित्रपटातील मत्सरी मार्कस ही त्यांची सर्वांत समर्थ भूमिका होय. मरताना तो पूर्वी मित्र असलेल्या वैऱ्याचे मनगट आपल्या हाताशी बेडीने जखडून ठेवतो व त्याला निर्जल वाळवंटात प्रेताशी बांधून जातो. हा प्रसंग १९२३ च्या ऐन उन्हाळ्यात प्रत्यक्ष डेथ व्हॅली या वाळवंटात चित्रित झाला आणि त्या श्रमाने हर्शोल्ट यांना रुग्णालयात राहावे लागले. स्टेला डॅलस (१९२५) मधील थिल्लर एड मन आणि अर्न्स्ट लुबिच यांच्या द स्टुडंट प्रिन्स इन ओल्ड हायडेलबर्ग (१९२७) मधील राजपुत्राचा प्रेमळ शिक्षक या परस्परविरोधी भूमिकांतून त्यांच्या अभिनयाचा आवाका ध्यानी येतो.

बोलपट आल्यावर त्यांच्या वाणीतील डॅनिश हेल लपला नाही. उलट, युरोपीय वृद्धांच्या व वैद्यांच्या भूमिकांना तो शोभून दिसला. ग्रँड हॉटेल (१९३२) मध्ये पत्नीच्या प्रसूतीच्या वार्तेकडे कान लावून, धनिकांच्या सरबराईत दिवस काढणारा हॉटेलचा पोर्टर सेन्फ त्यांनी उभा केला. हायडी (१९३७) मधील आजोबा व नभोवाणी-मालिकेतील डॉ. ख्रिश्चन (१९३७–५४) या भूमिकांनी ते घरोघर पोहोचले. हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या परीकथांचे डॅनिशमधून इंग्रजी भाषांतरही त्यांनी केले.

नायकाच्या छायेत वावरणाऱ्या सामान्य माणसाला पूर्ण मोलाचा मानून रंगविणे, हे त्यांच्या कलेचे मर्म होते. आणि व्यवसायातील निराधार, वृद्ध सहकाऱ्यांकडेही त्यांनी त्याच दृष्टीने पाहिले. गरजू चित्रपटकर्मींना साहाय्य करणाऱ्या मोशन पिक्चर रिलीफ फंडाचा कारभार त्यांनी अध्यक्ष या नात्याने दीर्घकाळ वाहिला, आणि १९४२ साली वुडलंड हिल्स येथे वृद्ध चित्रपटकर्मींच्या निवासाची तजवीज झाली. १९४५ ते १९४९ या काळात ते ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या अमेरिकन चित्रपट अकादमीचे अध्यक्ष होते. हॉलिवुड येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी अकादमीने लोकसेवेसाठी स्थापिलेल्या पारितोषिकास त्यांचे नाव देण्यात आले.