ब्राउझर अपहरण

ब्राउझर अपहरण म्हणजे वापरकर्त्याच्या स्पष्ट संमतीविना ब्राउझरचे मुखपृष्ठ, शोधयंत्र किंवा जोडणीची मांडणी बदलणे. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला ब्राउझर हायजॅकर म्हणतात. असे सॉफ्टवेअर सहसा धारिका नष्ट करत नाही. शोध आणि जाहिराती इतरत्र वळवून उत्पन्न मिळवणे हा त्याचा मुख्य हेतू असतो. मात्र त्याच मार्गाने वापरकर्ता बनावट संकेतस्थळावरही पोहोचू शकतो.

लक्षणे

मुखपृष्ठ किंवा शोधयंत्र आपोआप बदलणे, अनोळखी साधनपट्टी दिसणे, जाहिरातींच्या खिडक्या वारंवार उघडणे आणि एका दुव्यावर टिचकी दिली असता भलतेच संकेतस्थळ उघडणे ही प्रमुख लक्षणे होत. ब्राउझर मंदावणे हेही एक लक्षण असले तरी त्याची इतर कारणेही असू शकतात.

प्रसार

मोफत व्हिडिओ प्लेअर, पीडीएफ रूपांतरक किंवा डाउनलोड साधन बसवताना त्यासोबत दुसरे सॉफ्टवेअर जोडून दिले जाते. 'शिफारस केलेली' पद्धत निवडल्यास आधीच खुणा केलेले पर्याय मान्य होतात. ब्राउझरची विस्तारके, 'ब्राउझर अद्ययावत करा' अशा खोट्या सूचना आणि संकेतस्थळांना दिलेली सूचना दाखवण्याची परवानगी हे प्रसाराचे अन्य मार्ग आहेत.

भारतातील प्रादुर्भाव

जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने 'फायरबॉल' या हायजॅकरची माहिती प्रसिद्ध केली. बीजिंगस्थित राफोटेक या कंपनीशी तो संबंधित असल्याचे तिने म्हटले. चेक पॉइंटच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे २५ कोटी संगणक बाधित होते. त्यांपैकी सुमारे २.५३ कोटी, म्हणजे १०.१ टक्के, भारतात असून ही संख्या सर्व देशांत सर्वाधिक होती. हे आकडे वास्तवाहून फार मोठे असल्याचे मत मायक्रोसॉफ्टने मांडले.

कारणाचा शोध

बिघाड कुठे आहे हे आधी ठरवल्यास निवारण सोपे होते.

१. बिघाड एकाच ब्राउझरमध्ये असल्यास त्यातील विस्तारके, मुखपृष्ठ आणि सूचनांच्या परवानग्या तपासाव्यात.
२. संगणकावरील सर्व ब्राउझर बाधित असल्यास बसवलेले सॉफ्टवेअर, प्रॉक्सीची मांडणी आणि 'होस्ट्स' धारिका तपासावी.
३. त्याच वायफायवरील मोबाइलसह सर्व उपकरणे बाधित असल्यास राउटरमधील डीएनएसची नोंद तपासावी. 'डीएनएसचेंजर' या दुष्ट सॉफ्टवेअरने याच प्रकारे लाखो संगणकांची जोडणी वळवली होती. त्याच्या सूत्रधारांवर नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेत कारवाई जाहीर झाली.

निवारण

प्रथम महत्त्वाच्या धारिकांची प्रत काढून ठेवावी. त्यानंतर अलीकडे बसवलेले अनोळखी सॉफ्टवेअर आणि विस्तारके काढावीत व अद्ययावत प्रतिविषाणू सॉफ्टवेअरने संपूर्ण तपासणी करावी. शेवटी ब्राउझर मूळ मांडणीवर आणावा. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये असे केल्यास जतन केलेले पासवर्ड व पृष्ठखुणा कायम राहतात.

तरीही मुखपृष्ठ बदलत असेल, तर ब्राउझरच्या शॉर्टकटमधील 'टार्गेट' रकान्यात शेवटी एखादा पत्ता जोडला आहे का ते पाहावे. खात्याच्या समक्रमणातूनही काढलेले विस्तारक परत येऊ शकते. हायजॅकर काढल्यावर आंतरजाल पूर्ण बंद पडल्यास बहुधा त्याने नोंदवलेला प्रॉक्सी तसाच राहिलेला असतो व तो हटवावा लागतो. संगणक स्वच्छ झाल्याची खात्री पटल्यावर महत्त्वाचे पासवर्ड बदलावेत.

सामायिक संगणक आणि पर्यटन

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली आणि देवबाग या किनाऱ्यावर निवासाची चौकशी व आरक्षण आंतरजालावरूनही होते. निवास-न्याहारी चालवणाऱ्या कुटुंबात एकच संगणक आरक्षण, बँकव्यवहार आणि मुलांचा अभ्यास यांसाठी वापरला जात असल्यास एकाने बसवलेल्या सॉफ्टवेअरची झळ सर्वांना बसते. शोधाचे निकाल वळवलेले असतील, तर पर्यटकाचे आगाऊ पैसे बनावट पृष्ठावर जाण्याचा धोका असतो. यासाठी प्रत्येकाचे स्वतंत्र, प्रशासकीय अधिकार नसलेले खाते ठेवणे आणि बँकेचा पत्ता शोधयंत्रात न शोधता थेट टंकणे हितावह ठरते.

कायदा आणि साहाय्य

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीविना संगणकात विषाणू किंवा दूषितक घालणारा भरपाईस पात्र ठरतो. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

केंद्र सरकारने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्र दुष्ट सॉफ्टवेअर काढण्याची साधने मोफत उपलब्ध करून देते. त्यासाठी साधने पुरवणाऱ्या कंपन्यांत पुण्यातील क्विक हीलचा समावेश आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंब झाल्यास रक्कम पुढे वळती होऊन ती गोठवणे कठीण होते.