फुकट सिमची गोष्ट: जिओने बाजार कसा जिंकला

हा भाग तुम्ही मोबाइल नेटवर ऐकताय ना? मग आज त्या नेटचीच गोष्ट.

२०१६ चे गणपती. ५ सप्टेंबरला गणपती बसले आणि त्याच दिवशी जिओ सुरू झालं. मी बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला होतो, सणाला घरी कोपरगावला आलेलो. आमच्याकडच्या मोबाइलच्या दुकानासमोर ही गर्दी! हातात आधार कार्डाची झेरॉक्स, फोनमध्ये मायजिओ ॲपवर काढलेला कोड. ज्याच्याकडे ४जी फोन नाही तो मित्राच्या फोनवर कोड काढायचा. त्याआधी १ जीबीला दोनशे-अडीचशे रुपये जायचे, म्हणून गाणं डाउनलोड करण्याआधी दोनदा विचार करायचो. आणि आता दिवसाला ४ जीबी, तेही ३१ डिसेंबरपर्यंत फुकट. नंतर ती मुदत ३१ मार्चपर्यंत वाढली, फक्त दिवसाचा डेटा १ जीबीवर आला.

सगळे म्हणतात, 'फुकट वाटलं म्हणून जिंकले.' मला हे अर्धंच पटतं. फुकट वाटायला काय, कोणीही वाटेल. खरा प्रश्न असा, की समोरच्या मोठ्या कंपन्यांना तसंच उत्तर का देता आलं नाही?

त्यासाठी सहा वर्षं मागे जाऊ. जून २०१० मध्ये ब्रॉडबँड स्पेक्ट्रमचा लिलाव झाला. इन्फोटेल ब्रॉडबँड नावाच्या, फारशा कोणाला माहीत नसलेल्या कंपनीने देशातली सगळी २२ सर्कल जिंकली, सुमारे १२,८४८ कोटींना. निकाल लागला त्याच दिवशी रिलायन्सने ४,८०० कोटी टाकून तिचा ९५ टक्के हिस्सा घेतला. पण त्या परवान्यावर फक्त डेटा देता येत होता, कॉल नाही. २०१३ मध्ये सरकारने नियम बदलले आणि आणखी १,६५८ कोटी भरून कॉलचीही परवानगी मिळाली. यावर तेव्हा बरेच वाद झाले. मग नवी मुंबईत घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमध्ये बसून त्यांनी नेटवर्क उभं केलं. हातात एकही मोबाइल ग्राहक नसताना इतकी वर्षं नुसता पैसा ओतायचा, हे येरागबाळ्याचं काम नाही. पाठीशी तेल आणि पेट्रोकेमिकलचा धंदा होता म्हणून जमलं.

आता डाव बघा. जिओने २जी, ३जी काही घेतलंच नाही, थेट ४जी. कॉलसुद्धा डेटावरूनच जाणार, ज्याला व्होल्टी म्हणतात. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हे मला लगेच कळतं. जुना कोड सांभाळत नवं फीचर जोडणं वेगळं आणि कोऱ्या पाटीवर लिहिणं वेगळं. एअरटेल, व्होडाफोन, आयडिया यांच्याकडे जुने टॉवर, जुनी यंत्रणा आणि कोट्यवधी २जी ग्राहक होते. आयडिया तर आपल्या महाराष्ट्रातलं जुनं नाव, बिर्ला एटी अँड टी म्हणून इथूनच आणि गुजरातमधून सुरू झालेलं. या सगळ्यांची बरीचशी कमाई कॉलमधून यायची. जिओने सांगितलं, कॉल कायमचे फुकट, पैसे फक्त डेटाचे. आता आयडियाने कॉल फुकट केले तर स्वतःचाच गल्ला रिकामा, नाही केले तर गिऱ्हाईक जाणार. इकडे आड, तिकडे विहीर! जिओकडे मात्र गमवायला जुना गल्लाच नव्हता.

गंमत म्हणजे जिओचा प्रत्येक कॉल दुसऱ्या कंपनीच्या फोनवर गेला की जिओ त्यांना मिनिटाला १४ पैसे देत होती. तरी जुन्या कंपन्या म्हणत होत्या, तुमच्या फुकट कॉलचा लोंढा आम्हाला झेपत नाही. जिओ म्हणायची, तुम्ही मुद्दाम जोडण्या देत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायने तिन्ही कंपन्यांना मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली. पुढच्या वर्षी ते १४ पैशांचे ६ पैसे झाले. एअरटेलने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की तोट्यात विकून आम्हाला मारतायत. जून २०१७ मध्ये आयोग म्हणाला, जिओचा वाटा ७ टक्क्यांच्याही आत आहे, ज्याचं वर्चस्वच नाही त्याच्यावर हा आरोप बसत नाही. कायद्याने बरोबर. पण तोवर १७० दिवसांत १० कोटी लोक जिओवर आलेही होते.

मग एकेक विकेट पडत गेली. अनिल अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सने कॉलसेवा बंद केली, एअरसेलने दिवाळखोरी जाहीर केली, टेलिनॉर आणि टाटाचे मोबाइल ग्राहक एअरटेलकडे गेले. ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाले. डझनभर कंपन्यांतून उरल्या तीन खासगी आणि एक बीएसएनएल.

हे आमच्या कोपरगावकराला उसावरून पटकन समजतं. तालुक्यात संजीवनी आणि कोळपेवाडी असे दोन कारखाने आहेत. ऊस तोडणीला आला की थांबता येत नाही, उतारा घसरतो. पण दोन कारखाने असले की शेतकऱ्याला निदान भाव विचारता येतो. एकच असता तर? देईल तो भाव.

फोनचंही तसंच झालं. डिसेंबर २०१९, डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४, तीन वेळा दर वाढले, आणि थोड्याफार फरकाने तिन्ही खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ वाढवले. जिओचा २३९ चा पॅक २९९ झाला. कोणाकडे जाणार?

यात मला सगळ्यात जास्त आठवते माझी आजी. तिच्याकडे साधा बटणाचा फोन. नेट नको, तिला फक्त इनकमिंग हवं. आधी वर्षाकाठी एखादा छोटा टॉपअप पुरायचा. २०१८ च्या शेवटी जुन्या कंपन्यांनी तोटा भरून काढायला दर महिन्याला किमान ३५ रुपयांची अट आणली. मला फुकटात नेट मिळालं आणि आजीचा फोन महाग झाला, दोन्ही एकाच लढाईत. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायला आदेश काढावा लागला, की ज्यांना डेटा नको त्यांना फक्त कॉल-एसएमएसचे पॅकही द्या.

मी जिओला व्हिलन म्हणत नाही हां. मी कोडिंग शिकलो ते याच डेटावर, यूट्यूब बघून. तुम्ही मला ऐकताय तेही त्याच्यामुळेच. फक्त पुढच्या वेळी कोणी काही फुकट वाटायला लागलं, तर रांगेत जरूर उभे राहा, पण एक मोजून ठेवा: बाजारात आज दुकानं किती आहेत, आणि हे फुकट संपेल तेव्हा किती उरतील.

आणि घरी आजी-आजोबांचा फोन असेल तर आजच बघा, त्यात नको असलेल्या डेटाचा पॅक तर नाही ना. भेटू पुढच्या भागात!